‘बस’मध्ये बस, आता बस्स!

प्रश्न : एसटीत जागा मिळाली की आई म्हणते, ‘इथे बस.’ गाडी भरली की कंडक्टर ओरडतो, ‘बस्स झालं!’ आणि गाडीचं नावही बसच. हे तिन्ही शब्द एकाच मुळातून आलेत का?

उत्तर : नाही. तिघांची कुळं वेगळी आहेत. झिजता झिजता ते एकाच उच्चाराला येऊन टेकले.

‘बसणे’ आपल्या घरचं. संस्कृत ‘उपविशति’ म्हणजे बसतो. प्राकृतातून येताना पुढचा ‘उ’ गळाला, ‘प’चा ‘व’ आणि पुढे ‘ब’ झाला, आणि जुन्या मराठीत ‘बैसणे’ राहिलं. ज्ञानेश्वरीत हेच रूप आहे. ‘ऐ’सुद्धा पुढे गळाला आणि ‘बस’ उरलं.

‘बस्स’ आलं फारसीतून. ‘पुरे’ आपल्याकडे होतंच, पण ठासून सांगायला मराठी माणसाला हा शब्द फार आवडला. शेवटचा ‘स’ त्याने दुप्पट केला तो उगाच नाही. या फारसी शब्दाचं जुनं रूप दगडात कोरलेलं सापडतं. इराणात बेहिस्तूनच्या कड्यावर सम्राट दारयवहूचा शिलालेख आहे, इ. स. पू. 520च्या सुमाराचा. माझ्या सैन्याने बंडखोरांचं सैन्य ‘वसिय्’ मारलं, असं तो त्यात पुन्हा पुन्हा सांगतो. ‘वसिय्’ म्हणजे खूप, हवं तेवढं. ‘इच्छिणे’ या अर्थाच्या संस्कृत ‘वश्’ धातूशी त्याचं नातं आहे. मनाला हवं तेवढं झालं की माणूस ‘पुरे’ म्हणणारच. अर्थ तसाच सरकला.

गाडीच्या ‘बस’ची गोष्ट मात्र मला सगळ्यांत सुंदर वाटते. लॅटिनमध्ये ‘ओम्निस’ म्हणजे सर्व आणि ‘ओम्निबुस’ म्हणजे सर्वांसाठी. फ्रान्समधल्या नांत शहरात 1826मध्ये स्तानिस्लास बोद्री यांनी घोडागाड्या सुरू केल्या. भाडं देईल त्याने चढावं, वाटेत कुठेही उतरावं. या गाड्यांना ‘ऑम्निबस’ नाव पडलं. 1828मध्ये त्या पॅरिसला पोचल्या आणि 4 जुलै 1829 रोजी जॉर्ज शिलिबीअर यांची तीन घोड्यांची गाडी लंडनमध्ये पॅडिंग्टनहून ‘बँक’ या भागापर्यंत धावली. इंग्रजांनी थोड्याच वर्षांत नाव तोडून ‘बस’ केलं. तोडलं ते भलत्याच बाजूने! ‘सर्व’ टाकून दिलं आणि ठेवला नुसता विभक्तीचा प्रत्यय. ‘सर्वांसाठी’तलं ‘साठी’ तेवढं उचलून आपण ‘साठी आली, चला’ म्हणावं, तसं हे झालं.

हा उरलेला प्रत्यय आपल्याला परका नाही. ‘देवेभ्यः’, ‘सर्वेभ्यः’ ही चतुर्थीची रूपं शाळेत घोकलेली असतील. त्यातला ‘भ्यः’ आणि लॅटिनचा ‘बुस’ हे एकाच प्राचीन भाषेतून निघालेले भाऊबंद. ‘ओम्निबुस’चा अर्थ संस्कृतात सांगायचा तर ‘सर्वेभ्यः’ हाच शब्द वापरावा लागेल.

आपल्याकडे मुंबईत पहिली मोटारबस 15 जुलै 1926 रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट धावली. एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 रोजी पुणे ते अहमदनगर. गाडीबरोबर नावही देशोदेशी पोचलं. ब्राझीलच्या लोकांनी ‘ओनिबुस’ म्हणून पूर्ण नाव जपलं. जपानी ‘बासु’ म्हणतात. पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिलीत मात्र आपल्यासारखीच गंमत आहे. तिथे ‘बासी’ म्हणजे बसगाडी आणि ‘बासी’ म्हणजे ‘पुरे’सुद्धा, कारण फारसीतला ‘बस’ अरबी बोलणाऱ्यांबरोबर तिकडेही पोचला. त्यांच्याकडे दोन ‘बस’ आहेत. बसायला सांगणारा तिसरा फक्त आपल्याकडच्या भाषांत.

लॅटिनचा ‘बुस’ प्रत्यय मात्र रस्त्यावरच थांबला नाही. विजेच्या स्विचबोर्डात सगळ्या जोडण्यांना वीज पुरवणारी तांब्याची जाड पट्टी असते. तिचं जुनं इंग्रजी नाव ‘ऑम्निबस बार’; आपले वायरमन तिला ‘बसबार’ म्हणतात. तिथून हा शब्द संगणकात शिरला, आणि मोबाइलच्या ‘यूएसबी’ केबलमधला ‘बी’ हा त्याच ‘बस’चा.