बागायतदारांचा व्हॉट्सॲप ग्रुप: स्पॅम रोखताना सभासद जपा

द्राक्ष किंवा डाळिंब बागायतदारांचा मोठा ग्रुप आपण चालवत असाल, तर दोन तक्रारी ओळखीच्या असतील: ‘शेअर बाजाराच्या टिपा बंद करा’ आणि ‘माझ्या भावाला का काढलं?’ दोन्ही टाळण्यासाठी पुढील क्रम ठेवावा.

१. आधी जुनी निमंत्रण लिंक रीसेट करावी. २०२० मध्ये अशा कितीतरी लिंक थेट गूगलच्या शोधात सापडत होत्या. मग नव्या सदस्यांसाठी ॲडमिनची मंजुरी सुरू करावी.

२. मंजुरीपूर्वी एवढेच विचारावे: गाव कोणते, पीक कोणते? डीपी नाही किंवा क्रमांक परदेशी आहे, एवढ्यावरून नकार देऊ नये. शेती गावी आणि मुलगा दुबईत, अशी घरे पुष्कळ. उत्तराला दोन-तीन दिवस द्यावेत. छाटणीच्या धांदलीत फोन कोण बघतो?

३. नियम ग्रुपच्या वर्णनात, तीन ओळींत लिहावेत. रोपे किंवा जुना ट्रॅक्टर विकणे हा स्पॅम नव्हे. त्यासाठी रविवार ठरवून द्यावा. एपीके फाइलला मात्र कायमची बंदी. एपीके म्हणजे अँड्रॉइड फोनवर ॲप बसवणारी फाइल. पीएम किसान किंवा वाहनाच्या ई-चलानच्या नावाने ती फिरते. बसवली की एसएमएसमधले ओटीपी भामट्यांच्या हाती जाऊ शकतात.

४. अशी फाइल आलीच, तर ती सर्वांसाठी डिलीट करावी, ‘कुणी उघडू नये’ असे लिहावे आणि पाठवणाऱ्याला साधा फोन करावा. व्हॉट्सॲप कॉल नको; खाते हॅक झाले असेल तर पलीकडे भामटाच असतो. जुन्या सभासदाकडून अचानक आलेल्या एपीकेमागे बहुधा हेच कारण असते. म्हणून त्याला तात्पुरते काढावे, पण चारचौघांत बोल लावू नये. संशयास्पद ॲप काढणे, ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मधली अनोळखी उपकरणे बंद करणे, टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा अंकी पिन लावणे, एवढे झाले की आपणच त्याला परत घ्यावे. पैसे गेले असतील, तर सर्वांत आधी १९३० या हेल्पलाइनवर तक्रार.

५. ‘फक्त ॲडमिन’ संदेश पाठवू शकतील ही सेटिंग स्पॅमचा मारा सुरू असेपर्यंतच ठेवावी. कायम ठेवल्यास पानावरच्या केवड्याचा फोटो टाकून औषध विचारणाराच गप्प होतो. मग ग्रुप कशासाठी?

६. वेगवेगळ्या गावांतले निदान तीन ॲडमिन नेमावेत. त्यांनी घाबरू नये: सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, समान हेतू दिसल्याशिवाय, केवळ ॲडमिन असण्यावरून फौजदारी जबाबदारी येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटले आहे. तेव्हा कायद्याच्या धास्तीने सरसकट माणसे काढू नयेत.