करणारा समोर बसलेला असतो

हिवाळा लागला की आमच्या पोखर्णीत माळेगावची बोलणी सुरू होतात. गावची स्वतःची यात्रा आहेच, नृसिंह जयंतीची. पण ती वैशाखातली, उन्हाच्या कडाक्यातली. थंडीत, कापसाचे चार पैसे हाती असताना, निवांत फिरून बघावी अशी यात्रा म्हणजे लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाची. गंगाखेडला गोदावरी ओलांडायची, पालम मागं टाकायचं, लोह्याहून लातूरच्या रस्त्याला लागलं की भंडाऱ्यानं पिवळी झालेली माणसं दिसायला लागतात. सून होऊन या गावात आले तेव्हापासून घरच्यांबरोबर मी जात आलेय. देवदर्शन, लावणी, कुस्त्या, सगळं तिथं आहे. मला मात्र ओढ असते ती बाजाराची, कारण विकणाऱ्यांतले कितीतरी जण आपल्या हातानं केलेली वस्तू घेऊन बसलेले असतात. असा बाजार आमच्या भागात आता फारसा उरलेला नाही. तिथं हिंडता हिंडता जे समजत गेलं, ते नव्यानं जाणाऱ्यांसाठी लिहिते आहे.

१. तारीख पंचांगात पाहावी.

मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला देवस्वारी निघते आणि यात्रा सुरू होते. बहुतेक वर्षी हे दिवस नाताळच्या आगेमागे येतात, पण अधिक महिना आला की यात्रा जानेवारीत सरकते. २०२३ सालात ती एकदाही आली नाही आणि २०२४ मध्ये दोनदा आली, १० जानेवारीला आणि २९ डिसेंबरला. कोरोनात दोन वर्षं माळ सुनासुना राहिला होता. २०२२ च्या २२ डिसेंबरला यात्रा पुन्हा भरली, तेव्हा हातावर पोट असणाऱ्यांच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते मी विसरणार नाही. वर्षाची कमाई ज्या पाच-सहा दिवसांवर उभी असते, तेच दिवस त्यांचे दोनदा बुडाले होते.

२. सुरुवात जनावरांच्या बाजारातून करावी.

बायका सहसा तिकडं फिरकत नाहीत, थेट बांगड्यांच्या ओळीत शिरतात. मी म्हणते, सकाळी लवकर आधी तिकडंच जावं. घोडे, उंट, गाढवं, आणि आपल्या मराठवाड्याची गुरं. लाल कंधारी ही कंधार भागातलीच जात, लोहा तालुकाही पूर्वी कंधारातच होता. गर्द तांबडं अंग आणि डोळ्यांभोवती काळी कड, एकदा बघितलं की पुन्हा चुकत नाही. लातूरकडची देवणीही असते, तिच्या पांढऱ्या अंगावर काळे ठिपके.

घेणारा माणूस जनावराशी कसा वागतो ते बघण्यासारखं असतं. आधी चालवून बघतो, मग जबडा उघडून दात मोजतो. दोन दाती, चार दाती, जुळलेला, यावरून वय ठरतं. खुरं बघतो, पाठीवरून हात फिरवतो. भाव शेवटी निघतो, तोही काही ठिकाणी अजून रुमालाखाली बोटं धरून, आजूबाजूच्यांना कळू न देता. आमचे सासरे, त्यांना आम्ही मामा म्हणतो, बैल घेताना तासभर नुसते उभे राहत. पुढं मी घोंगडी घ्यायला गेले काय किंवा विळा घ्यायला गेले काय, आधी वस्तू हाताळायची आणि भाव सगळ्यात शेवटी विचारायचा, ही सवय मला तिथंच लागली.

त्याला लागूनच जनावरांच्या साजाची दुकानं असतात. कासरे, म्होरक्या, वेसणी, गोंडे, घुंगुरमाळा, शिंगांच्या पितळी शेंब्या. नायलॉनचा रंगीत कासरा स्वस्त पडतो आणि टिकतोही, पण तो बैलाच्या मानेला काचतो. अंबाडीच्या किंवा तागाच्या दोराला जरा जास्त पैसे मोजावेत. घुंगुरमाळ घेताना एकेक घुंगरू वेगळं वाजवून बघावं. एखादं बद्द बोलत असेल तर माळ परत ठेवावी.

३. घिसाड्याच्या भट्टीपाशी थांबावं.

हे माझं सगळ्यात आवडतं ठिकाण. पालाबाहेर जमिनीतच भट्टी, शेजारी रोवलेली ऐरण. पुरुष सांडशीत तापलेलं लोखंड धरतो आणि बाई घण मारते. लोखंड धरणारा बारक्या हातोडीनं ऐरणीवर एक टिचकी देतो, ती म्हणजे तिला खूण, कुठं मारायचं त्याची. घण बरोबर तिथंच पडतो. पदर कमरेला खोचलेला, बाळ पालात झोपलेलं, आणि तिचा ठेका जराही चुकत नाही. लोहार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं पुरुष येतो. या बायका बघितल्यापासून माझ्या डोळ्यांपुढं तीच येते.

विळा, खुरपं, कोयता, कुऱ्हाड यांसाठी लोखंड बहुतेक ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचं असतं. ते चांगलंच, कारण त्यात पोलाद असतं. तापवून, ठोकून आकार आला की पात्याला पाणी देतात, आणि सगळी कसरत त्या एका क्षणात असते. लालभडक असताना बुडवलं तर धार कडक होते पण दगडावर आपटली की तुकडा उडतो. फार निवल्यावर बुडवलं तर धार दोन दिवसांत बसते. रंग बघून वेळ साधायची, हे त्यांच्या डोळ्यांतलं ज्ञान आहे, ते कुठल्या पुस्तकातून येत नाही.

एकदा मी धारेवरून अंगठा फिरवत होते, तर घण खाली ठेवून ती बाई म्हणाली, "अक्का, धार तर कुणीबी लावून देतंय. मुठीपाशी बघा." मुठीत पात्याचं शेपूट कितपत आत गेलंय, ते पलीकडून वळवून ठोकलंय का नुसतं खुपसलंय, यावर खुरप्याचं आयुष्य ठरतं. निंदणीच्या दिवसांत बायांच्या हातात दिवसभर तेच असतं. सैल मूठ तळहाताला फोड आणते. तेव्हापासून मी खुरपं उलटं धरून बघते. घरची बोथटलेली खुरपी आणि विळे पोत्यात घालून न्यावेत, तिथंच पाजवून मिळतात.

४. घोंगडी नाकानं आणि काडीनं ओळखावी.

घोंगडीच्या नावाखाली आता गिरणीतली काळी ब्लँकेटंही विकली जातात. ती मऊ असतात, वजनाला हलकी असतात आणि दिसायलाही नीट. खरी घोंगडी दख्खनी मेंढीच्या लोकरीची, अंगाला टोचणारी, आणि तिला लोकरीचा वास असतो. खड्ड्याच्या मागावर अरुंद पट्टी विणतात आणि पट्ट्या जोडून घोंगडी करतात, त्यामुळे मधला जोड दिसतो. जोड दिसला की मला धीर येतो. सुताला चिंचोक्याची खळ दिलेली असते, म्हणून नवी घोंगडी ताठ वाटते. वापरता वापरता ती नरम येते.

शंका असेल तर कडेचा एक धागा मागून घ्यावा आणि काडी लावावी. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि बोटांत तिची राख होते. नायलॉन वितळून कडक गोळी होते. प्रामाणिक विकणारा याला कधी ना म्हणत नाही, उलट काडी तोच पुढं करतो. कोकराच्या पहिल्या कातरणीची जावळाची लोकर सगळ्यात मऊ, पण ती थोडी निघते आणि महाग पडते. घरात म्हातारं माणूस किंवा बाळंतीण असेल तर तिच्यासाठी पैसे काढावेत.

५. खाणं हंगामातलं खावं.

सकाळी सुशीला आणि चहा. मुरमुरे भिजवून केलेला हा आमच्या मराठवाड्यातला नाश्ता, आणि थंडीत तव्याजवळ उभं राहून खाल्लेल्या सुशील्याची चव घरी येत नाही. दुपारी भजी, जिलेबी, आलुबोंडा. घरी न्यायला रेवड्या, बत्तासे आणि गुडीशेव.

गुडीशेवेवर जरा थांबते. बेसनाची जाड शेव गुळाच्या पाकात घोळलेली. गुळाचा पाक जमला असेल तर शेव बाहेरून कोरडी आणि आतून खुसखुशीत राहते. पाक कच्चा राहिला की बोटाला चिकटते, जास्त झाला की दाताला लागते. चांगल्या हलवायाच्या गुडीशेवेत सुंठेचा किंवा बडीशेपेचा वास हलकेच येतो. ढीग बघून घेऊ नये, कढई चालू असेल तिथं थांबून घ्यावी. घरी आल्यावर पाहुण्यांना, शेजाऱ्यांना मूठमूठ द्यायची असते, म्हणून हात आखडू नये.

आणि चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी येळवस असते, मार्गशीर्षातली वेळ अमावस्या. लातूर, धाराशिवकडं आणि त्याला लागलेल्या नांदेडच्या पट्ट्यात त्या दिवशी घरं ओस आणि शेतं भरलेली. कडब्याची खोप करून पांडवांची पूजा होते. तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे ओले दाणे, मिळतील त्या पालेभाज्या, चिंच, शेंगदाणे आणि बेसन यांची भज्जी, सोबत बाजरीचे उंडे आणि मडक्यातली ज्वारीची आंबील. या भागात कुणी ओळखीचं असेल तर यात्रेतून उठून त्यांच्या शेतात जावं. न बोलावता गेलं तरी चालतं, त्या दिवशी वाटसरूलाही पंगतीत बसवतात. बाजारातली कुठलीही जिलेबी त्या भज्जीपुढं फिकी.

हुरड्याचेही तेच दिवस. गुळभेंडीची गोडी वेगळीच, आणि परभणीच्या कृषी विद्यापीठानं खास हुरड्यासाठी काढलेलं परभणी वसंत हे वाणही आता लोक लावतात. आगटीतली कणसं हातावर चोळून गरम गरम खायची.

६. भाव कुणाशी करायचा ते आधी ठरवावं.

दुसऱ्याचा माल आणून विकणाऱ्याशी घासाघीस जरूर करावी, त्यानं ती धरूनच भाव सांगितलेला असतो. पण ज्यानं लोकर कातरली, ज्याच्या घरातल्या बाईनं सूत काढलं, ज्यानं मागावर दिवस घातले, त्याच्याशी गिरणीच्या ब्लँकेटाचा भाव काढून भांडणं मला पटत नाही. त्याला परवडलं नाही तर पुढच्या वर्षी तो येणार नाही. त्याचा मुलगा तर नाहीच येणार. लमाणी बायका आरसे आणि कवड्या लावलेलं भरतकाम विकायला बसतात तिथंही हेच. टाका उलटा करून बघावा, मागची बाजू स्वच्छ असेल तर सांगितलेले पैसे द्यावेत.

माझी भाची जर्मनीत शिकते. तिकडं डिसेंबरात गावोगावी नाताळचे बाजार भरतात. ड्रेस्डेनचा बाजार १४३४ पासूनचा. जवळच्या डोंगराळ मुलखातल्या खाणी ओसरल्या तेव्हा खाणकामगारांनी लाकडाची खेळणी करायला घेतली आणि ती या बाजारांत खपली. आजही ती तिथं मानानं मांडलेली असतात, लोक करणाऱ्याचं नाव विचारून घेतात. भाचीनं हे सांगितलं तेव्हा मला आपल्या घिसाड्यांची आणि घोंगडी विणणाऱ्या सणगरांची पालं आठवली. हात त्यांचेही तितकेच कसबी आहेत. मान देण्यात आपण कमी पडतो आणि ते मला टोचतं.

७. कुंभाराकडं जाताना संक्रांत ध्यानात ठेवावी.

यात्रेनंतर थोड्याच दिवसांत सुगडी लागतात. इथं निवडून घेता येतात. टिचकी मारून खणखणीत बोललं ते घ्यावं आणि घरी येईपर्यंत कडब्यात गुंडाळून ठेवावं.

८. निघताना "पुढं कुठं?" हे विचारावं.

पालं उठली की घिसाडी कुठल्या वाटेनं जाणार, विणकर कुठल्या गावचा, त्याच्या घरी अजून माग चालू आहे का, हे विचारलं की माणसं मोकळी होतात. फोन नंबर घ्यावा. आमच्या शेजारच्या वाडीत दोन वर्षांपासून एक घिसाडी कुटुंब पेरणीआधी येऊन उतरतं, ते अशाच विचारपुशीतून. गावातली खुरपी, वखराच्या पासा, सगळं दारात होतं, आणि त्यांनाही आठवडाभराचं काम मिळतं.

घोंगडीचंही तसंच करावं. तयार मालात मनासारखी सापडली नाही तर इसार देऊन करून घ्यावी. यंदा मी मामांसाठी एक सांगून ठेवली आहे. काळी लोकर, रंग न दिलेली, लांबीला नेहमीपेक्षा वीतभर जास्त, कारण ते उंच आहेत आणि पाय उघडे राहतात. विणकरानं माप हातानं घेतलं आणि होळीच्या आत देतो म्हणालाय.