राखीव प्रतीची खरी कसोटी

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी आज कामगारांचे वेतन, मालाचा साठा व करांची देयके यांचा हिशेब संगणकावर असतो. पुष्कळदा तो संगणक कारखान्यात नसून दूरच्या केंद्रात भाड्याने घेतलेला असतो. या व्यवस्थेस ‘क्लाऊड’ म्हणतात. शेतकऱ्याचा सातबाराही आता संगणकीय माहितीसंचातूनच मिळतो. म्हणून हा विषय केवळ तंत्रज्ञांचा राहिलेला नाही.

क्लाऊडमध्ये एकच माहितीसंच अनेक संगणकांवर राखता येतो. या समूहास ‘क्लस्टर’ अशी संज्ञा आहे. एक संगणक बंद पडल्यास दुसरा काम सांभाळतो. त्यामुळे माहिती सुरक्षित आहे, असा समज होतो. परंतु तो अपुरा आहे. कोणी चुकून नोंदी पुसल्या, तर ती चूकही क्षणार्धात साऱ्या समूहात उतरते. यास्तव निराळ्या ठिकाणी राखीव प्रत हवीच.

पुनःस्थापनेची रीत हिशेबनिसास परकी वाटू नये. ठरावीक वेळी घेतलेली संपूर्ण प्रत म्हणजे आरंभीची शिल्लक. त्यानंतरच्या बदलांची क्रमवार नोंद म्हणजे रोजकीर्द. समजा, सकाळी ११ वाजता चूक घडली. अशा वेळी आदल्या रात्रीची प्रत नव्या समूहावर उतरवावी आणि १०.५९ पर्यंतची रोजकीर्द तीवर चढवावी. नोंदींची संख्या व बेरजा पडताळून मगच कामकाज तिकडे वळवावे. तोवर जुन्या समूहास हात लावू नये.

२१ जून २०१२ रोजी मंत्रालयास लागलेल्या आगीत असंख्य फायली जळाल्या. दुसरी प्रत नसणे म्हणजे काय, हे तेव्हा महाराष्ट्राने अनुभवले. संगणकही यास अपवाद नाही. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील डेजॉन येथील शासकीय माहिती केंद्रास आग लागली आणि शासकीय कर्मचाऱ्यांची ८५८ टेराबाइट माहिती नष्ट झाली. तिची बाहेर प्रत नव्हती. २०१७ मध्ये गिटलॅब या कंपनीकडे प्रती घेण्याच्या अनेक योजना होत्या. प्रसंगी बहुतेक निरुपयोगी ठरल्या. सुदैवाने सुमारे सहा तासांपूर्वीची एक प्रत हाती लागली.

राखीव प्रत आहे काय, एवढेच विचारून कार्यालयप्रमुखांनी थांबू नये. ती शेवटची केव्हा उतरवून पाहिली, किती वेळ लागला आणि किती नोंदी गमावल्या, हेही विचारावे. जी प्रत कधी उतरवून पाहिली नाही, तिच्यावर विसंबणे धोक्याचे आहे.