करार बेकायदा, पण माल फुकट नव्हे

कर्नाटकातल्या बोम्मसंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत आमचा पत्राकामाचा कारखाना आहे. राज्य सरकारच्या एका कार्यालयाला लोखंडी कपाटं आणि रॅक तातडीने हवे होते. "माल पाठवा, ऑर्डर मागाहून काढतो," असं साहेबांनी सांगितलं. माल गेला, वापरातही आला. साहेबांची बदली झाली आणि बिल परत आलं: रीतसर करार नाही, सबब रक्कम देता येत नाही.

कायद्याने त्यांचं म्हणणं खरं होतं, हे पचवणं जड गेलं. राज्यघटनेच्या कलम २९९ प्रमाणे राज्याचा करार राज्यपालांच्या नावाने आणि अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याच्या सहीनेच व्हावा लागतो. तसा नसेल तर तो सरकारवर बंधनकारक ठरत नाही. शब्द देणाऱ्या साहेबांवर दावा लावावा, तर मुरारीलाल खटल्यात (१९७१) सर्वोच्च न्यायालयाने तीही वाट बंद केली आहे.

आम्हाला तारलं ते भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७० ने. फुकट देण्याचा हेतू नसताना दिलेल्या वस्तूचा लाभ समोरच्याने घेतला, तर त्याने ती परत करावी किंवा भरपाई द्यावी. आरामबागला पुरवठा खात्यासाठी बांधकाम करणाऱ्या बी. के. मंडल आणि सन्स यांना पश्चिम बंगाल सरकारकडून याच आधारावर पैसे मिळाले. मात्र मिळतं ते वाजवी मोल. बिलावर लिहिलेला दर मिळेलच असं नाही.

म्हणून तोंडी आश्वासन सिद्ध करण्यात शक्ती घालवू नका. माल पोहोचला, स्वीकारला, वापरला, एवढं सिद्ध करा. आमच्या चलानवर शिपायाची पुसट सही होती. तिच्या जोरावर काही झालं नसतं. माहितीच्या अधिकारात साठा नोंदवहीची प्रत मागवली, तीत आमच्या कपाटांची नोंद निघाली. पुढे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस दिली आणि खात्याने बाजारभावाने मुद्दल दिलं. व्याज सोडावं लागलं.

नगरपालिका किंवा महामंडळ असेल, तर कलम २९९ नव्हे, त्या संस्थेचा स्वतःचा कायदा बघावा. आणि निविदेतच अन्याय झाला असेल, तर कर्नाटकच्या १९९९ च्या सार्वजनिक खरेदी पारदर्शकता कायद्यात कलम १६ खाली अपील आहे. आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत. पैशांच्या दाव्याला साधारण तीन वर्षं मिळतात, पण बदलीनंतर नवे साहेब जुने कागद शोधत बसत नाहीत, तेव्हा माहितीचा अर्ज बिल परत आलं त्याच आठवड्यात टाका.