जुन्या टाइल्सवर नव्या टाइल्स

प्रश्न : आमच्या फ्लॅटच्या बाथरूममधल्या भिंतींच्या टाइल्स जुनाट दिसतात. तोडफोड न करता त्यांच्यावरच नव्या बसवता येतील का?

उत्तर : येतील, पण आधी भिंत तपासा. प्रत्येक टाइलवर नाण्याने टकटक करा, चारही कोपऱ्यांत आणि मध्येही. भरीव आवाज आला तर टाइल घट्ट आहे. पोकळ आवाज आला तर तेवढी काढून जागा मसाल्याने भरून घ्या. निम्म्याअधिक टाइल्स पोकळ वाजत असतील किंवा भिंतीच्या पलीकडे बेडरूममध्ये ओल, पोपडे असतील, तर मात्र सगळं काढाच. गळती झाकून नव्या टाइल्स लावणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं.

मिस्त्री सिमेंटच्या स्लरीवर बसवतो म्हणाला, तर ठाम नकार द्या. गुळगुळीत ग्लेझवर सिमेंट पकड घेत नाही. साबणाचा थर घासून धुवा, ग्राइंडरने ग्लेझ खरवडा, धूळ पुसा आणि पाकिटावर 'टाइल ऑन टाइल' लिहिलेलं अॅडेसिव्हच वापरा. ते दात्यांच्या थापीने पसरवायचं. टाइलच्या मागे नुसते चार गोळे लावले तर आत पोकळी राहते आणि तिथेच पाणी साचतं.

भिंत साधारण 12 ते 15 मिलीमीटर पुढे येईल. त्यामुळे नळांना एक्स्टेंशन निपल लागतील. दाराची चौकट आणि कन्सील्ड डायव्हर्टरही आधीच पाहून ठेवा. टाइल्समध्ये 2 मिलीमीटरचे स्पेसर ठेवा, दुसऱ्या दिवशी इपॉक्सी ग्राउट भरा.