चाकाचा नट : घट्ट झाला की नीट बसला?



आपल्या बेळगावात कुणाचे बाबा, कुणाचे काका उद्यमबागेत लेथवर, फाउंड्रीत किंवा गॅरेजमध्ये काम करतात. त्यामुळे नट, बोल्ट, आटे हे शब्द तुम्हाला परके नाहीत. गाडीची मूळ चाके काढून बाजारातली अलॉय चाके बसवण्याची हौसही आता घरोघरी दिसते. चाकाचे डिझाइन निवडताना आठवडाभर चर्चा होते. पण ते चाक ज्या चार-पाच नटांच्या भरवशावर फिरणार, त्यांच्याकडे कुणी पाहत नाही. चोर्ला घाटाच्या उतारावर मात्र सगळी मदार त्यांच्यावरच असते. म्हणून आज त्यांचा अभ्यास करू.

चाकाला धरून कोण ठेवते?

चाक स्टडवर टांगलेले असते, असा अनेकांचा समज असतो. तसे नाही. नट आवळला की स्टड किंचित ताणला जातो, एखाद्या कडक स्प्रिंगसारखा. हा ताण चाकाला हबवर दाबून धरतो आणि दोघांमधल्या घर्षणामुळे चाक जागचे हलत नाही.

हा दाब किती, ते गणिताने पाहू. नट १०० न्यूटन-मीटर टॉर्कने आवळला, स्टडचा व्यास १२ मि.मी. म्हणजे ०.०१२ मीटर आहे आणि कोरड्या आट्यांसाठी गुणांक सुमारे ०.२ धरला, तर

दाब = १०० ÷ (०.२ × ०.०१२) = सुमारे ४१,७०० न्यूटन.

म्हणजे एका नटाचा दाब जवळजवळ सव्वाचार टन वजनाएवढा, आणि चार नटांचा मिळून सतरा टन! पण नट चाकावर नीट बसला असेल, तरच हा दाब चाकापर्यंत पोचतो. त्यासाठी पुढील गोष्टी तपासाव्या लागतात.

१) आटे

मारुती सुझुकीच्या अनेक गाड्यांचे स्टड १२ × १.२५ मापाचे असतात. होंडा व ह्युंदाईच्या अनेक गाड्यांचे १२ × १.५. पहिला आकडा व्यास, दुसरा पीच, म्हणजे एका फेऱ्यात नट किती मि.मी. पुढे सरकतो ते. व्यास सारखाच असल्याने चुकीचा नटही सुरुवातीला एक-दोन फेरे फिरतो. चार फेऱ्यांत मात्र दोन्ही मापांत १ मि.मी. फरक पडतो आणि नट आट्यांतच अडकतो. कारागिराला वाटते, नट घट्ट झाला. प्रत्यक्षात चाक सैलच राहते, आणि एअर गनने जोर लावल्यास आटे मरतात.

२) बैठक

नटाचा जो भाग चाकाला टेकतो, त्याचा आकार महत्त्वाचा. तो तीन प्रकारचा असतो: शंकूसारखा निमुळता (बहुधा ६० अंशांचा), चेंडूसारखा गोल आणि वायसर असलेला सपाट. होंडाच्या अनेक गाड्यांचे मूळ नट गोल बैठकीचे असतात. टोयोटाच्या अनेक मूळ अलॉय चाकांना सपाट बैठकीचे नट लागतात. बाजारातल्या अलॉय चाकांची भोके मात्र बहुधा निमुळत्या नटांसाठी कापलेली असतात.

गोल नट शंकूच्या आकाराच्या भोकात बसवला, तर तो सगळीकडे न टेकता एका बारीक रेषेवरच टेकतो. सगळा दाब त्या रेषेवर येतो. ॲल्युमिनियम पोलादापेक्षा मऊ, त्यामुळे ते तिथे दबते, स्टडचा ताण उतरतो आणि नट सैल होऊ लागतो. दिसायला सगळे ठीक असते. बिघाड आत चाललेला असतो.

३) लांबी

अलॉय चाक नटाच्या जागी मूळ चाकापेक्षा जाड असू शकते. मग नटाला स्टडचे आटे कमी मिळतात. साधा नियम असा: निदान स्टडच्या व्यासाइतकी लांबी नटात गेली पाहिजे. १२ × १.५ साठी १२ ÷ १.५ = ८ फेरे. उलट, टोपी असलेला बंद नट आखूड असेल, तर स्टडचे टोक टोपीला आतून टेकते. नट घट्ट लागतो, पण चाक दबत नाही.

४) मधले भोक

बाजारातल्या चाकाचे मधले भोक बऱ्याचदा हबपेक्षा मोठे असते. तो गाळा भरून काढायला योग्य मापाची रिंग घालावी, म्हणजे चाक मध्यावर बसते आणि गाडी थरथरत नाही.

सोपी परीक्षा

नटाच्या बैठकीवर मार्कर पेनाने रंग लावा. चाक बसवून नट हाताने फिरवत न्या, पान्याने हलकेच टेकवा आणि काढून पाहा. रंग सगळीकडून रुंद पट्ट्यात पुसला गेला, तर बैठक जुळली. एकच बारीक रेघ उठली, तर नट बदला. (हा प्रयोग मोठ्या माणसांसमोरच करावा. गाडी सपाट जागी, हँडब्रेक लावलेली असावी आणि जॅकवरच्या गाडीखाली कुणीही जाऊ नये.)

बसवताना लक्षात ठेवा

• प्रत्येक नट आधी हाताने फिरवावा. हाताने फिरत नसेल, तर पाना लावू नये.
• आट्यांना तेल किंवा ग्रीस लावू नये. घर्षण कमी झाल्याने तेवढ्याच टॉर्कला स्टड जास्त ताणला जातो.
• नट समोरासमोरचे आवळावेत. चार असतील, तर १-३-२-४ या क्रमाने.
• शेवटचा जोर टॉर्क पान्याने, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्याइतकाच द्यावा.
• नवी चाके बसवल्यावर ८० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासावेत.
• जुने नट टाकून देऊ नयेत. स्टेपनी मूळची लोखंडी असेल, तर तिला तेच नट लागतील. पिशवीत बांधून डिकीत ठेवावेत. रात्री घाटात चाक पंक्चर झाले, तर ही पिशवीच कामाला येईल.

स्वाध्याय

१. १२ × १.२५ च्या स्टडवर १२ मि.मी. लांबी पकडायला नटाचे किती फेरे हवेत?
२. ‘नट घट्ट आहे, म्हणजे चाक घट्ट आहे’ हे विधान कोणत्या दोन परिस्थितींत चुकीचे ठरते?
३. घरच्या किंवा शेजारच्या गाडीची पुस्तिका पाहून चाकाच्या नटांचा टॉर्क वहीत लिहून आणा. मूळ चाके बदलली असतील, तर स्टेपनीचे नट कुठे ठेवले आहेत, हे घरी जरूर विचारा.