खिडकी, लय आणि प्रकाश

संगीतापासून स्फूर्ती घेऊन खोली सजवावयाची म्हटले की बहुधा भिंतीवर वीणेचे चित्र येते, नाही तर दिवाणखान्याच्या कोपऱ्यात एखादा मुका तंबोरा उभा राहतो. अशा खोलीत वाद्याची आठवण असते, संगीत मात्र नसते. संगीत म्हणजे कालाची विभागणी आणि अंतर्रचना म्हणजे अवकाशाची. या दोन कलांचे नाते जुळवावयाचे झाल्यास ते विभागणीच्या ठायीच जुळवावे लागते. फ्रान्समध्ये लिआँ शहरानजीकच्या एव्हू या गावी असलेल्या ला तूरेतच्या मठात ते कसे जुळले, हे पाहण्यासारखे आहे.

हा मठ डोमिनिकन पंथाच्या साधूंसाठी ल कॉर्ब्युझिए या वास्तुशिल्पज्ञाने उभारला. 1953 साली हे काम त्याच्याकडे आले आणि 1960 साली मठाचे विधिपूर्वक उद्घाटन झाले. कॉर्ब्युझिएची आई पियानो शिकवीत असे व थोरला भाऊ संगीतकार होता. तेव्हा संगीत त्याला घरचेच होते. तथापि मठाच्या खिडक्यांना जे संगीत लाभले, ते त्याच्या कार्यालयातील यानिस झेनाकिस या तरुण ग्रीक स्थापत्य-अभियंत्यामुळे. महायुद्धकाळातील प्रतिकार-चळवळीत भाग घेतलेला आणि त्यानंतरच्या यादवीत एक डोळा गमावलेला हा तरुण 1947 साली पॅरिसला आला. दिवसा तो काँक्रीटची गणिते करी आणि उरलेल्या वेळात संगीतरचना. गुरू शोधीत तो मेसियाँ या संगीतकाराकडे गेला, तेव्हा स्वरसंगतीचे रूढ पाठ गिरवण्याऐवजी आपले गणित आणि स्थापत्य हेच संगीतात उतरवावे, असा सल्ला त्याला मिळाला. असा सल्ला देणारे गुरू विरळाच.

झेनाकिसची ‘मेटास्टासिस’ ही रचना 1955 साली जर्मनीत प्रथम सादर झाली. तीत 61 वादक आहेत आणि प्रत्येकाचा स्वरलेख निराळा. तंतुवाद्ये एका स्वरावरून दुसऱ्या स्वराकडे घसरत जातात. आपल्याकडील मींडेची आठवण व्हावी, पण येथे अनेक मींडा एकाच वेळी, निरनिराळ्या वेगांनी चाललेल्या असतात. ऐकणाऱ्याच्या कानी एकेक स्वर पडत नाही. स्वरांचा समूह कोठे दाट व कोठे विरळ होतो, एवढेच जाणवते. हा दाट-विरळपणाच त्याने मठाच्या काचांत उतरवला.

भोजनगृह, सभागृह आणि जोडमार्ग यांच्या भिंतींच्या जागी काँक्रीटचे उभे, अरुंद पट्टे आहेत आणि त्यांच्या खाचांत काच थेट बसवलेली आहे; लाकडी वा लोखंडी चौकट नाही. काच उघडत नाही. हवेसाठी उंच, अरुंद झडपांची निराळी योजना आहे. या पट्ट्यांमधील अंतरे समान नाहीत. ती कॉर्ब्युझिएच्या ‘मॉड्युलॉर’ या मापपद्धतीतून घेतलेली आहेत. त्या पद्धतीच्या एका श्रेणीत 27, 43, 70, 113, 183 सेंटिमीटर अशी मापे येतात. मागील दोहोंची बेरीज म्हणजे पुढचे माप. तालाचे ज्ञान असलेल्या वाचकाला ही युक्ती परकी वाटू नये. मात्रांची चाल तीच राहते, परंतु एका मात्रेत बसणारे बोल वाढत जातात आणि दुगुणीची चौगुण होते. येथेही मापांचा संच मोजकाच आहे. पट्टे कोठे गर्दी करतात, कोठे पांगतात. मजल्यामजल्यावर ही चाल वेगळी असल्याने बाहेरून पाहताना तीन गायक एकाच वेळी निरनिराळ्या लयीत गात असल्यासारखे वाटते. कॉर्ब्युझिएने या काचांना ‘संगीतमय’ म्हटले होते. पुढे ‘तरंगित’ हे नाव रूढ झाले.

हे झाले रेखन. त्याला वाजवणारा हात सूर्याचा. भोजनगृह पश्चिमेकडे, दरीच्या बाजूस आहे. दुपार कलली की पट्ट्यांच्या सावल्या जमिनीवर उतरतात आणि सूर्य खाली जाईल तशा खोलीत लांबवर शिरतात. भिंतीवर एखादे चित्र वा पडदा नसताही खोली क्षणोक्षणी पालटते. प्रार्थनामंदिरात याच्या उलट योजना आहे. तेथे उंच, उघड्या काँक्रीटच्या भिंती असून प्रकाश फार काटकसरीने येतो: छपराखालच्या बारीक फटीतून, साधूंच्या आसनांजवळील रंगवलेल्या आडव्या खाचांतून आणि तळघरातील वेदींवर रोखलेल्या तिरप्या, गोल ‘प्रकाश-तोफां’मधून. जेथे माणसे एकत्र जेवतात तेथे प्रकाशाची रेलचेल, जेथे मौन पाळावयाचे तेथे एखादाच दीर्घ स्वर. साधूंच्या कोठड्या तर 1.83 मीटर रुंद आणि 2.26 मीटर उंच. माणूस हात वर करील तेवढीच उंची. तिथला प्रकाश प्रत्येकाच्या स्वतंत्र सज्जातून येतो.

या योजनेत दोष नाही असे नव्हे. चौकटीवाचून बसवलेली एकेरी काच हिवाळ्यात थंडी आणि उन्हाळ्यात ऊन अडवू शकत नाही. आपल्याकडे पश्चिमेची संपूर्ण भिंत काचेची करणे म्हणजे घराची भट्टी करणेच होय. चंडीगढच्या सचिवालयात कॉर्ब्युझिएने असमान अंतरांच्या या काचा वापरल्या, परंतु त्याच इमारतीच्या विस्तीर्ण दर्शनी भागांवर काँक्रीटचे खोल सूर्यरोधकही घातले. साध्या घरात तर काचेचीही गरज नाही. व्हरांड्याच्या लाकडी पट्ट्या बसवताना सुताराला सारखे अंतर न सांगता 3, 5, 8 इंच असे क्रम आधी कागदावर आखून पाहावेत, तो कागद कातरून उन्हात खिडकीपुढे धरावा आणि सकाळी व दुपारी सावली कशी पडते ते खडूने जमिनीवर नोंदवावे.